पाच दिवस उघडीप

आमच्या बागेतल्या पंपघराचं दार लोखंडी होतं आणि आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याला काळा रंग दिला होता, तोही मुद्दाम, खडूनं लिहिता यावं म्हणून. त्या दारावर रोज सकाळी हवामान लिहायचं काम माझं. पलूसच्या बाजूला ज्याच्या घरी द्राक्षबाग आहे तो माणूस उठल्यावर देवाच्या आधी आभाळाकडे बघतो. ढग आले की वेलीवर भुरीचा रोग, दव पडलं की दावण्याचा, आणि माल तयार होताना चुकून चार थेंब पडले की वर्षभराची मेहनत मातीत. त्यामुळे घरात पहिला मोठा फोन आला तो माझ्या हौशीसाठी नव्हे, हवामान बघण्यासाठी. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, इंग्रजी वाचता येत होतं, म्हणून फोन माझ्या ताब्यात आला. अंगात आलं होतं माझ्या! "आज ढगाळ, उद्या निवळेल" हे मी असं काही ठासून सांगायची की जणू ढग मीच हाकून आणत होते. आप्पा फवारणीच्या ब्लोअरचा ट्रॅक्टर काढायच्या आधी दारापाशी थांबायचे, ओळ वाचायचे आणि त्याप्रमाणे औषध कालवायचे. आयुष्यात पुन्हा कुणी माझ्या शब्दावर इतका विश्वास ठेवलेला मला आठवत नाही, आणि ठेवू नये असंही कधीकधी वाटतं.

आठवणी लिहायला तुझं वय झालंय का, असं आमच्या घरात विचारतात. झालेलं नाही. पस्तिशी म्हणजे काही म्हातारपण नव्हे. पण माणसाचं पोरपण कधी संपलं हे ज्याला नेमकं माहीत असतं, त्यानं ते विसरायच्या आत लिहून काढलेलं बरं. माझं संपलं ते एका माघ महिन्यात. आणि ते कसं संपलं हे मला माहीत असलं, तरी त्यात माझा वाटा किती, हे मला अजून उमगलेलं नाही. लिहिता लिहिता उमगेल या आशेनं बसले आहे.

दारावर खरं तर दोन ओळी असायच्या. वरची बागेची, खालची दादाची. दादा फौजेत. त्या वर्षी त्याची बदली बर्फातल्या एका ठाण्यावर झाली होती. ठाण्याचं नाव सांगायची मुभा नव्हती, फोनवर तो नुसतं 'वर' म्हणायचा. पण सुट्टीवर आला होता तेव्हा खालच्या गावाचं नाव त्यानं माझ्या कानात सांगितलं होतं, आणि मी ते फोनमध्ये भरून ठेवलं होतं. मग रोज सकाळी बागेचं बघून झालं की मी दादाचं बघायची. 'दादा : उणे नऊ, ढगाळ.' 'दादा : उणे बारा, बर्फ.' आईला फारसं वाचता येत नव्हतं, पण 'बर्फ' हा शब्द तिला आकारावरून ओळखू येई. तो दिसला की त्या दिवशी ती सकाळची भाकरी करपवायची. आप्पा तिला म्हणायचे, "आगं, त्यास्नी कापडं असत्यात, चूल असती." ती म्हणायची, "व्हय, आन् तुमी जाऊन बघून आलाय."

समोरच्या घरात सुभेदार अण्णा राहायचे. फौजेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. रोज सकाळी चहाच्या निमित्तानं ते बागेत यायचे, हात मागे बांधून दोन्ही ओळी वाचायचे आणि "थंडी हाय म्हणायची" एवढंच बोलायचे. माणूस अबोल. मी त्यांना कधी काही विचारलं नाही. मला फोनला विचारता येत होतं, मग अण्णांना कशाला विचारू? एकोणिसाव्या वर्षी माणसाची अक्कल अशीच चालते.

थंडी सुरू झाल्यावर दारावर तिसरी ओळ आली. दादाचा फोन आठवड्यातून एकदा यायचा, तोही मोजकी मिनिटं. तो आम्ही बाहेरच्या सोप्यात सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्या आवाजावर ठेवायचो. पलीकडून आधी वाऱ्याचा आवाज यायचा, बाजरी पाखडल्यासारखा, आणि मग दादा विचारायचा, "वैशे, काय म्हणतंय तुझं दार?" वर त्यांना हवामानाचा अंदाज असतच असेल, पण माझ्या तोंडून ऐकायला त्याला मजा वाटायची. एकदा मध्येच दुसराच आवाज आला. "ओ हवामानवाल्या ताई, आमच्या फलटणचं बी सांगा की." तो सुहास. दादाच्याच तुकडीतला, त्याच्या शेजारी झोपणारा, फलटणजवळच्या एका वाडीतला. दिवाळीनंतर त्याच्या बायकोला मुलगी झाली होती आणि तिला त्यानं फक्त फोटोत बघितलं होतं. "फलटणला काय बघायचंय? ऊस आणि धूळ," मी म्हटलं. तो हसला. "तसं न्हवं वं. पोरीला थंडी वाजत आसंल का, तेवढं बघून सांगा. टोपरं घालायला लावतो आईला." त्या दिवसापासून मी फलटणही लिहू लागले. 'फलटण : बारा अंश, टोपरं घाला.' दादानं फोनवर हे वाचून दाखवायला लावलं की मागून सुहासचं हसू ऐकू यायचं. त्याचं तोंड मी कधीच पाहिलं नाही. पण तो हसला की शेवटी खोकायचा, हे मला अजून ऐकू येतं.

त्या साली माघात दादाचं लग्न होतं. पौष संपला तशी घरात नुसती झुंबड. बस्ता बांधायला आम्ही सांगलीला गेलो आणि मुलीकडच्यांशी साड्यांवरून अर्धा दिवस घासाघीस करून आलो. हळकुंडं दळून झाली, आत्या येऊन बसली, अंगणात सांडग्यांच्या परातीवर परात. कारखान्याला निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या रस्त्यानं जायच्या, त्यांच्यावरच्या कर्ण्यांचा गोंगाट. इकडे आत्याच्या उखाण्यांचा. बागेत माल तयार होत आलेला, मण्यांत पाणी भरलेलं, आणि आप्पांचा एक डोळा मांडवावर, एक आभाळावर. सुभेदार अण्णा तेवढे गावात नव्हते. मोतीबिंदूचं ऑपरेशन करायला ते लेकीकडं साताऱ्याला गेले होते. डोळ्यावरची पट्टी सुटली की लग्नाला येतो म्हणाले होते.

आणि तिकडे वर बर्फ सुरू झाला. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. माझ्या फोनात जोरदार हिमवृष्टीचा इशारा लाल अक्षरांत येऊन बसला होता आणि हलायचं नाव घेत नव्हता. दारावर मी चारही दिवस तेच लिहिलं. आईनं सांडगे घालायचं सोडून दिलं. मुलीकडच्यांचे फोन येऊ लागले: नवरामुलगा येणार की नाही? आत्या म्हणाली, "तारीख पुढं ढकला." आप्पा मात्र शांत होते. त्यांनी मला पोरवयापासून शिकवलेली गोष्ट तीच होती. "पाऊस पडताना बाग मरत न्हाई. पडून गेल्यावर ऊन पडलं न्हाई तर मरती. ऊन पडलं की सुटलो." आमच्या घराचा सगळा धीर या एका गोष्टीवर उभा होता, आणि मी ती बर्फालाही लावली. पडू दे पडतंय तेवढं. एकदा उघडीप आली की झालं.

पाचव्या दिवशी सकाळी फोन उघडला आणि मी किंचाळलेच. उद्यापासून ओळीनं पाच सूर्य! पिवळेधमक, एकाही ढगाचं चित्र नाही. दारावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'दादा : उद्यापासून पाच दिवस उघडीप', आणि खाली दोन रेघा ओढल्या. दुपारीच दादाचा फोन आला. आवाज थकलेला होता. "वाट बंद हाय, वैशे. उघडलं की सुट्टीवाल्यांच्या दोन तुकड्या खाली सोडणार हायत. एक उद्या, एक परवा. पयलीत नाव हाय माझं."

"मग नीघ की! उद्यापासून लख्ख ऊन आहे. पाच दिवस."

"पाच?"

"पाच. लिहून देते."

"पाच दिस नक्की न्हवं?" त्यानं पुन्हा विचारलं.

"अरे, नक्की म्हणतेय ना! दादा, तू आता काही कारण सांगू नकोस, सगळी तुझी वाट बघतायत."

तो "बरं" म्हणाला. मागे कुणीतरी काहीतरी बोललं, मग खोकला ऐकू आला, आणि फोन बंद झाला. त्यानं 'पाच' दोनदा का विचारलं, हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नाही. त्या संध्याकाळी आईनं पुन्हा डाळ भिजत घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या टीव्हीसमोर बसली होती. खालच्या पट्टीवर बातमी सरकत होती: हिमकडा कोसळला, खाली येणारे जवान अडकले. जागेचं नाव तेच, जे दादानं माझ्या कानात सांगितलं होतं. ते नाव घरात मला एकटीलाच माहीत होतं. म्हणजे त्या सोप्यात पंधरा माणसं होती, हळद, आहेर, हसणं चाललं होतं, आणि नुसती मी एकटी त्या पट्टीकडे बघत होते. मी कुणाला सांगायच्या आधी फोन उघडला. तिथे सूर्य होता! पुन्हा पट्टी बघितली, पुन्हा फोन. मला वाटलं, बातमी जुनी आहे. मला वाटलं, या नावाचं दुसरं गाव असेल. ऊन आहे, मग संकट कसलं? शेवटी बागेत पळत गेले आणि आप्पांना सांगितलं. त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली आणि दाराकडे बघितलं. मग अगदी खरोखर विचारावं तसं विचारलं, "ऊन हाय न्हवं तितं? मग कसं झालं?"

दोन दिवस फोन लागला नाही. मांडवाचे बांबू येऊन पडले होते ते तसेच पडून राहिले. पाहुणे जावं की थांबावं कळेना म्हणून थांबले, आणि थांबले म्हणून त्यांना जेवायला वाढावं लागत होतं. आई तेवढं नेमानं करत होती. तिला कुणी काही विचारलं तर ती "वाटंत हाय त्यो" म्हणायची. मी दारावर लिहायचं बंद केलं. पण पुसलंही नाही. पुसलं तर काहीतरी होईल असं वाटत होतं, आणि ठेवलं तर ती अक्षरं माझ्याकडे बघत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. वाऱ्याचा आवाज नव्हता. "मी हाय," दादा म्हणाला. आई तशीच देवापुढे दिवा लावायला पळाली. आत्या मोठ्यानं रडायला लागली. त्या कालव्यात त्याचं पुढचं वाक्य फक्त मला ऐकू आलं. "सुहास गेला." मला दादा जिवंत असल्याचा आनंद झाला. खरं सांगायचं तर इतका झाला की सुहास गेला हे मनात शिरायला मला तासभर लागला. त्या तासाभराची लाज मला अजून वाटते.

दादा आला. लग्न ठरल्या दिवशीच लागलं, पण वाजंत्री नाही, वरात नाही. लोक अक्षता टाकत होते आणि दादाच्या तोंडाकडे बघून गप्प होत होते. डोळ्याला हिरवी झडप लावून सुभेदार अण्णाही आले होते. दुसऱ्या दिवशी सवयीनं ते बागेत गेले आणि दारावरची माझी ओळ त्यांनी एका डोळ्यानं वाचली. मी मागेच उभी होते.

"हे सांगितलंवतंस त्याला?" त्यांनी विचारलं.

"हो."

अण्णांनी सुस्कारा सोडला. "पोरी, बर्फाचं पावसासारखं नसतंय. पाऊस वाहून जातो. बर्फ बसतंय. चार दिस पडलं की वर वज्जं व्हतंय, आन् उघडून ऊन लागलं की मग सुटतंय. आमी पडत्या बर्फाला भ्यायचो न्हाई. पडून गेल्यावर पयलं ऊन आलं की भ्यायचो."

"मग तुम्ही आधी का नाही सांगितलंत?" माझा आवाज चढला. "रोज येऊन वाचत होता ना?"

"रोज थंडी लिवत हुतीस. उघडीप लिवलीस तवा मी साताऱ्यात, डोळ्याला पट्टी लावून." मग म्हणाले, "आन् पोरास्नी तुझ्या दारानं सोडलं न्हाई. तितं जाणती माणसं असत्यात, समदं बघून सोडत्यात. तरी डोंगर कवा ऐकतो, कवा न्हाई." त्यांना मला धीर द्यायचा होता. पण मला एवढंच कळलं की ज्या पाच सूर्यांना बघून मी आनंदानं ओरडले होते, ते पाहून एखादा जाणता माणूस घाबरला असता.

मग दादाला गाठलं. तो बागेच्या बांधावर एकटाच बसला होता. विचारलं, "पहिल्या तुकडीत नाव होतं तुझं. तू का नाही निघालास?" त्यानं हातातलं मातीचं ढेकूळ फोडलं. "सुहासचं नाव दुसरीत हुतं," तो म्हणाला. "सारखं पोरीचं काढायचा. तू म्हणालीस पाच दिस उघडीप हाय. मी म्हटलं, मग मी परवा गेलो तरी चालतंय. लग्नाला येळ हाय. तू जा म्हटलं माझ्या जागी. सायबांनी बी हो म्हटलं." एवढं बोलून तो उठला आणि गेला. मी तिथेच बसले. पाच दिवस नसते, एकच असता, तर दादा स्वतः निघाला असता. म्हणजे मी दादाला वाचवलं? की सुहासला पाठवलं? की दोन्ही? की माझा त्याच्याशी काही संबंधच नव्हता, अण्णा म्हणतात तसा? हे सगळे प्रश्न मी तेव्हापासून उलटेपालटे करून बघितले आहेत. आज बाग मी बघते, आणि हवामान अजूनही मीच बघते.

महिन्याभरानं फलटणहून निरोप आला. सुहासच्या आईनं दादाला बोलावलं होतं, आणि येताना 'त्या हवामानवाल्या बहिणीला' घेऊन यायला सांगितलं होतं. आईनं मला पाठवायला साफ नकार दिला. "बोलत्याल काय तरी तिला. पोरगी हाय, सोसायचं न्हाई," ती म्हणाली. जेजुरीला नव्या जोडप्यानं जायचं होतं, तेही अजून राहिलेलं. पण दादा म्हणाला, "जेजुरीआधी फलटण." मी नाही म्हणू शकले असते. पण मला वाटलं, कुणीतरी एकदाचं मला दोष देऊन मोकळं करावं. रस्ताभर वहिनी बिचारी आम्हा दोघांच्या मध्ये बसून खिडकीतून ऊस बघत होती.

त्यांचं घर वाडीच्या कडेला, पाठीमागे उसाचा फड, हवेत कारखान्याच्या मळीचा वास. सुहासची आई ठेंगणी, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेली. तिनं दादाच्या तोंडावरून हात फिरवला, वहिनीला कुंकू लावलं, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तूच व्हय ती?" मी मान हलवली. तिनं मला हाताला धरून आत नेलं. पाळणा होता, पाळण्यात ती पोर जागी होती, स्वतःच्या मुठीकडे बघत. मला पाळण्याजवळ बसवून ती समोर बसली.

"निघायच्या आदल्या दिशी त्याचा फोन आल्ता," ती म्हणाली. "लय खुशीत हुता. म्हनला, आई, हवामानवाल्या ताईनं सांगितलंय, पाच दिस ऊन हाय, मी येतो." मी जमिनीकडे बघत होते. आता येईल, आता येईल, असं वाटत होतं. "मला येकच इचारायचं हुतं, पोरी. कुनी सांगतच न्हाई. तितं त्या दिशी ऊन पडलं हुतं का?"

मी दादाकडे बघितलं. तो दारात पाठमोरा उभा होता.

"पडलं होतं," मी म्हटलं.

"लख्ख?"

"लख्ख."

तिनं दोनदा मान डोलावली. "मग तू खोटं न्हाई सांगितलंस," ती म्हणाली. "त्याला ऊन बघायला मिळालं म्हनायचं. लय दिस बर्फच बघत हुता." मला रडू फुटलं. तिला फुटलं नाही. तिनं उठून पाळण्यातली पोर उचलली, माझ्या मांडीवर ठेवली, आणि कोनाड्यातून एक लोकरीचं लाल टोपरं काढलं. ते हातात धरून ती माझ्याकडे बघत राहिली.

"बाहीर जरा न्यावं म्हनते हिला. टोपरं घालू का नको, तू सांग. त्यो तुलाच इचारायचा न्हवं."

फोन माझ्या पिशवीत होता. मी तो काढला नाही. पोरीला घेऊन उठले आणि दादाच्या शेजारी दारात जाऊन उभी राहिले. आभाळ स्वच्छ होतं, फाल्गुनातलं कडक ऊन अंगणभर पडलं होतं, वारा नावाला नव्हता. मी पुष्कळ वेळ वर बघत राहिले.

"घाला," मी म्हणाले.